नायिका कोठे आहे?

गुजरातमध्ये राजकोटजवळच्या एका खेड्यात चित्रपटाचे काम चालले होते. एके दिवशी महाविद्यालयातील काही विद्यार्थी ते पाहावयास आले. चित्रपट म्हटला की नायिका असावयाचीच. तेव्हा त्यांनी उत्सुकतेने विचारले, “नायिका कोठे आहे?” कोणीतरी गावातील बायांच्या घोळक्याकडे बोट केले. तेथे जमिनीवर एक सावळी तरुणी बसली होती. अंगावर तिकडच्या बायांसारखीच साधी वस्त्रे, बसण्याची ढबही तशीच. विद्यार्थ्यांना ते मुळीच खरे वाटेना. आपली थट्टा चालली आहे, अशीच त्यांची समजूत झाली!

ही आठवण स्मिता पाटील हिच्याविषयी सांगितली जाते. पुढे तिला अनेक मानसन्मान मिळाले. परंतु त्या विद्यार्थ्यांचा अविश्वास हीच तिला मिळालेली मोठी पावती होती, असे मला नेहमी वाटते.

स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यास झाला. तिचे वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे खानदेशातील शिरपूरकडचे. ते राजकारणात होते. आई विद्याताई समाजकार्यात रमलेल्या. घरात माणसांचा राबता असे आणि राष्ट्र सेवा दलाचे संस्कार होते. अशा घरातील मुलांना निरनिराळ्या थरांतील माणसे जवळून पाहावयास मिळतात. स्मितानेही ती पाहिली.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईस दूरचित्रवाणीचे केंद्र सुरू झाले. चित्र काळेपांढरे असे आणि ते मुंबईच्या आसपासच दिसे. आपल्या हिंगोलीकडे (तेव्हा हा सारा मुलूख परभणी जिल्ह्यात होता, हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला) दूरचित्रवाणी हा केवळ ऐकण्यातला शब्द होता. स्मिता ह्या केंद्रावर मराठी बातम्या वाचू लागली, तेव्हा ती जेमतेम विशीच्या घरात होती. तिच्याबद्दल एक गमतीची हकीकत सांगतात. पडद्यावर बातम्या देणाऱ्याचा कमरेवरचाच भाग दिसतो. स्मिताला जीनची विजार घालण्याची आवड. पण बातम्या तर साडी नेसून द्यावयाच्या. मग ती विजारीवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढे बसे. पाहणाऱ्यांना वाटे, किती शालीन मुलगी आहे ही!

बातमी देणाऱ्याने अभिनय करावयाचा नसतो. महापुराची बातमी असो की विजयाची, शब्द स्वच्छ उच्चारावे, नजर स्थिर ठेवावी, इतकेच त्याचे काम. परंतु तिचे बोलके डोळे पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिले. दिग्दर्शक श्याम बेनेगल ह्यांनी तिच्यातील गुण हेरले. १९७५ साली त्यांच्या ‘चरणदास चोर’ ह्या बालचित्रपटात आणि ‘निशांत’ ह्या चित्रपटात ती दिसली. त्यानंतर आला ‘मंथन’. आरंभी सांगितलेला प्रसंग ह्याच चित्रपटाच्या वेळचा.

‘मंथन’ची हकीकत मोठी विलक्षण आहे. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या पैशांतून १९७६ साली हा चित्रपट झाला. दूध उत्पादकांनी एकत्र येऊन आपली सहकारी संस्था कशी उभी केली, हा त्याचा विषय. स्मिताने त्यात बिंदू नावाच्या खेडवळ स्त्रीचे काम केले. ज्यांनी पैसे दिले, त्यांच्याच घरची बिंदू! ती खोटी वाटली असती, तर त्यांनी ते क्षणात ओळखले असते. शहरात वाढलेल्या मुलीला हे कसे साधले? पोशाख बदलला म्हणजे माणूस बदलत नाही. मी शाळेत नाटके बसवीत असे. शेतकऱ्याचे काम करणारा मुलगा धोतर नेसे, पटका बांधी, भाषणही घडाघडा म्हणे. पण उकिडवा बसावयाची वेळ आली की अवघडून जाई. त्याने आपल्या आजोबांना बांधावर बसलेले रोज पाहिले होते, परंतु निरखले नव्हते. स्मिता माणसे निरखून पाही. खेड्यातील बायांत ती बसे, ती केवळ विसाव्यासाठी नव्हे.

पुढची दहा वर्षे तिने अखंड काम केले. १९७७ सालच्या ‘भूमिका’ ह्या चित्रपटास हंसा वाडकर ह्या जुन्या अभिनेत्रीच्या आत्मकथनाचा आधार होता. त्यातील कामाबद्दल स्मिताला अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा तिचे वय अवघे बावीस-तेवीस होते. गो. नी. दांडेकर ह्यांच्या कादंबरीवरील ‘जैत रे जैत’मध्ये ती ठाकर समाजातील चिंधी झाली. जयवंत दळवी ह्यांच्या कादंबरीवरून निघालेल्या ‘चक्र’ ह्या चित्रपटात मुंबईच्या झोपडपट्टीतील एक आई तिने उभी केली आणि दुसऱ्यांदा राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. १९८५ साली भारत सरकारने तिला पद्मश्री देऊन गौरविले.

मराठी माणसाला मात्र ती विशेष आठवते ती जब्बार पटेल ह्यांच्या १९८२ सालच्या ‘उंबरठा’मुळे. शांता निसळ ह्यांची ‘बेघर’ ही कादंबरी त्याच्या मुळाशी आहे. त्यातील सुलभा महाजन ही सुशिक्षित, खात्यापित्या घरातील स्त्री. घरी पती आहे, लहान मुलगी आहे, कशाची ददात नाही. तरी निराधार स्त्रियांच्या आश्रमाची जबाबदारी घेऊन ती दूरगावी जाते. तेथील गैरकारभाराशी झगडते, थकते आणि परत येते. पण घर आता पूर्वीचे राहिलेले नसते. सुलभाने उंबरठा ओलांडला हे योग्य की अयोग्य, ह्यावर त्या काळी घरोघरी वाद झाले. आमच्याही शिक्षकांच्या खोलीत पुढे कितीदा तरी झाले, आणि त्यांचा निकाल अद्याप लागलेला नाही. तुम्ही मोठेपणी तो चित्रपट पाहाल तेव्हा स्वतःच ठरवा.

केतन मेहता ह्यांच्या ‘मिर्च मसाला’त मिरच्या कांडण्याच्या कारखान्यात राबणाऱ्या बायका आहेत. वसमतकडे हळद उकडताना, वाळविताना हातपाय पिवळे झालेल्या आयाबाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या परक्या वाटणार नाहीत. अन्यायी सुभेदारापुढे मान न तुकविणारी सोनबाई स्मिताने त्यात रंगविली. हा चित्रपट १९८७ साली प्रदर्शित झाला. तो पाहावयास ती नव्हती. बाळंतपणानंतरच्या आजारात १३ डिसेंबर १९८६ रोजी तिचे निधन झाले. वय होते एकतीस वर्षे.

२०२४ साली, मूळ चित्रफितीची डागडुजी करून, ‘मंथन’ फ्रान्समधील कान येथील महोत्सवात पुन्हा दाखविण्यात आला. शेतकऱ्यांच्या दोन-दोन रुपयांतून झालेला तो चित्रपट सातासमुद्रापलीकडे पडद्यावर उमटला. त्या प्रसंगी तिचा मुलगा प्रतीक तेथे उपस्थित होता. आई गेली तेव्हा तो पंधरा दिवसांचा होता.