मिटवर नजर ठेव

भिसेगाव, कर्जत

चि. सोनूस,


काल फोनवर तुझा आवाज अगदी पडला होता. बेसबॉलच्या एकाच डावात चौघांना चार-चार भरकटलेले बॉल देऊन फुकट पहिल्या बेसवर पाठवलंस, म्हणून प्रशिक्षकांनी तुला बाहेर बसवलं. वेग आहे, पण बॉल हवा तिथे जात नाही, एवढंच ना? मग वेग महिनाभर विसर.

आधी पायाकडे बघ. पुढचं पाऊल दर वेळी वेगळीकडे पडलं, तर हाताने कितीही सावरलं तरी बॉल भरकटणारच. रांगोळीने प्लेटकडे सरळ रेघ ओढ, दहा बॉल टाक आणि प्रत्येक वेळी ठसा कुठे उमटला ते तपास. बॉल वर गेला तर तो हातातून लवकर सुटला. मातीत गेला तर उशिरा. वहीत नुसतं ‘चुकला’ लिहू नकोस, कुठे चुकला ते लिही.

घाट चढणाऱ्या गाड्यांना आपल्या कर्जतला मागून इंजिनं लावतात, ती तू लहानपणापासून बघतोस. फेकीचा जोरही असाच मागून, पायातून आणि कमरेतून यायला हवा. नुसत्या खांद्याने ओढलंस की हात दमतो, आणि दमलेल्या हातातून बॉल दर वेळी वेगळ्या जागी सुटतो. विशीत टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांत मी हेच केलं. खांदा अजून दुखतो. तुझा हात जड वाटला की त्या दिवशी थांबायचं. हे मात्र ऐकच.

आता नेमाचं. नाशिकला जन्मलेले क्रिकेटपटू बापू नाडकर्णी नेटमध्ये खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर टप्पा टाकायचा सराव करत, असं सांगतात. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी ३२ षटकांत २७ निर्धाव टाकली, धावा दिल्या ५. सलग १३१ चेंडूंवर एकही धाव नाही! बळी एकही मिळाला नाही, तरी मला तो डाव फार मोठा वाटतो.

तीन यष्ट्या ९ इंचांत बसतात, तुझी प्लेट १७ इंच रुंद. पण तू सगळ्या प्लेटकडे बघून फेकतोस. तुझं नाणं म्हणजे कॅचरचा मिट, त्याच्या हातातला मोजा. त्याच्या मधल्या खळग्यावरून नजर हलवू नकोस.

शनिवारी कर्जत लोकलने ये. भातकापणी झाली, मागचं शेत मोकळं आहे. वही आण. कॅचरच्या जागी मी बसतो.

तुझा,
मामा