स्टेशनवर माणूस नाही, तरी भाडं बुडत नाही!

"सर, पगार परवडत नाही, एकट्याने धंदा कसा सांभाळू?" हा प्रश्न खूप जण विचारतात. उत्तरासाठी आज जपानला जाऊ.

शिकोकू बेटावर समुद्राकाठी शिमोनादा नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथे स्टेशन मास्तर नाही, तिकीटवाला नाही. अशा लाईनवरच्या गाडीत बहुतेक वेळा एकटा ड्रायव्हर. मग पैसे कसे मिळतात?

१. प्रवासी मागच्या दाराने चढतो, मशीनमधून नंबरची चिठ्ठी घेतो.
२. समोरच्या बोर्डावर त्या नंबरखाली भाडं दिसतं.
३. उतरायचं पुढच्या दाराने. ड्रायव्हरजवळच्या पेटीत चिठ्ठी आणि पैसे टाकायचे. सुट्टे करायचं मशीनही तिथेच.

नीट बघा: माणसं कमी केली, काम नाही. थोडं ग्राहकाने उचललं, थोडं मशीनने. पण पैसे जिथे येतात तिथे माणूस आहेच!

आपण नेमकं उलटं करतो. मालक आत वडे तळतो, बाहेर गल्ला उघडा. मग महिनाअखेर हिशोब लागत नाही.

गृहपाठ: तुमच्या धंद्यातली सगळी कामं कागदावर लिहा. प्रत्येकापुढे लिहा: ग्राहक, मशीन की मी? गल्ल्यापुढे मात्र 'मी'च.