गावच्या पडद्यावर गावचे चित्र

सिनेमा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तीन तासांचा खेळ उभा राहतो. गाणी येतात, मारामारी होते, शेवटी लग्न लागते. जत्रेत तंबूतला सिनेमा तर पुष्कळांनी पाहिला आहे. त्यातले राजवाडे दूरचे, माणसेही दूरची. आपण तिकीट काढायचे, बघायचे आणि घरी यायचे.

पण सिनेमाचा आणखी एक प्रकार आहे. तो लहान असतो. कधी पाच मिनिटांचा, कधी अर्ध्या तासाचा. त्याला लघुपट म्हणतात. असे लघुपट आता गावातली, तालुक्यातली तरुण मुले-मुली काढू लागली आहेत. कुणी शिक्षक असतो, कुणी शेतकऱ्याची मुलगी असते. पूर्वी सिनेमा काढायचा तर पेटीभर पैसा लागे. आता खिशातल्या मोबाइलवरही चित्र घेता येते. म्हणून ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही आहे, तो सांगू शकतो.

लहान आहे म्हणून त्याला हलके समजू नका. पोथी मोठी असते आणि जात्यावरची ओवी दोन ओळींची असते. पण ओवीत काही कमी असते का? बाईचे सारे माहेर तीत मावते.

असे चार-पाच लघुपट गावात एका संध्याकाळी दाखवता येतात. ते कसे दाखवावे, कसे पाहावे आणि पाहून झाल्यावर काय करावे, ते या धड्यात पाहू.

वाटाण्याचा वेल

पहिली गोष्ट जुनी आहे. दादासाहेब फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वरला झाला. आपल्या देशात सिनेमा काढायचा, असे त्यांच्या मनाने घेतले. पण पैसा कोण देणार? लोकांना ते खरेच वाटेना.

मग १९१२ च्या सुमारास त्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला. कुंडीपुढे कॅमेरा ठेवला आणि थांबून थांबून एकेक चित्र घेतले. महिनाभराहून अधिक दिवस हे काम चालले. नंतर ती सारी चित्रे पडद्यावर भराभर दाखवली. बी फुटले, कोंब वर आला, वेल झाला. एवढे सगळे पापणी लवते न लवते तोच! बघणारे चकित झाले. या माणसाच्या हातात कसब आहे, हे त्यांना पटले आणि भांडवल उभे राहिले. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

यात एक मर्म आहे. पडद्यावरचे चित्र खरे हलत नसते. एका सेकंदात बहुधा २४ स्थिर चित्रे एकामागून एक येतात. ती इतक्या वेगाने येतात की आपल्याला ती वेगळी दिसत नाहीत. हालचालच दिसते.

दुसरेही मर्म आहे. मोठ्या कामाची सुरुवात कुंडीतल्या वाटाण्यापासून झाली. आपल्याजवळ जे होते, तेच फाळक्यांनी पडद्यावर आणले.

जेऊरचा मुलगा

आता अलीकडची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यात जेऊर नावाचे गाव आहे. तिथल्या नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ नावाचा लघुपट केला. तो पंधरा-एक मिनिटांचा आहे. पारधी समाजातला एक लहान मुलगा आहे. पोटासाठी त्याला चोरी करायला लावतात. त्याला मात्र शाळेत जायचे आहे. एवढीच गोष्ट. तिला २०१० सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत मान मिळाला. दिग्दर्शकाचा पहिला लघुपट म्हणून तो पुरस्कार होता.

पुढे त्यांचे ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ हे मोठे चित्रपट गाजले. तरीही त्यांनी लघुपट सोडला नाही. ‘पावसाचा निबंध’ या लघुपटात शाळेतल्या मुलाला पावसावर निबंध लिहायचा असतो. घरी तर पाऊस छपरातून आत येत असतो. या लघुपटाच्या दिग्दर्शनासाठी २०१७ सालचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

गळके छप्पर आपल्याला काही नवे नाही. पावसाळ्यात खाली भांडी कुणी मांडली नाहीत? पण ते छप्पर पडद्यावर आले आणि साऱ्या देशाने पाहिले. आपले जगणे सांगण्याजोगे आहे, हे त्यामुळे कळले.

कॅमेरा कुठे बसतो?

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सोलापूरहून हैदराबादला जाताना वाटेत जहीराबाद लागते. त्याच्या जवळ पस्तापूर नावाचे गाव आहे. आता तो भाग तेलंगण राज्यात येतो. तिथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेबरोबर गावोगावच्या दलित शेतकरी बायांचे संघ काम करतात. त्या संघाला तिकडे ‘संघम’ म्हणतात. या बायांपैकी काहीजणी कॅमेरा चालवायला शिकल्या. त्यांच्यात अक्षर न येणाऱ्याही होत्या. पण बीबियाणे, माती, पाऊस यांची विद्या त्यांच्याजवळ होती.

कॅमेरा शिकवताना इंग्रजी शब्द आले. बायांनी आपले शब्द केले. कॅमेरा उंचावर ठेवून खालच्या माणसाचे चित्र घेतले, तर त्याला त्या म्हणाल्या ‘पटेल शॉट’. पटेल म्हणजे तिकडचा गावचा धनी. तो उंच जागी बसतो आणि खाली उभ्या असलेल्या मजुराकडे बघतो. त्याला माणूस लहान दिसतो. कॅमेरा खाली ठेवून वर बघितले, तर ती झाली गड्याची नजर. त्याला समोरचा धनी डोंगराएवढा वाटतो. आणि कॅमेरा डोळ्याला डोळा भिडेल असा समोर ठेवला, तर तो ‘संघम शॉट’. संघमात सगळ्याजणी एकाच सतरंजीवर बसतात. तिथे कुणी उंच नाही, कुणी खाली नाही.

बघा, किती नेमके सांगितले! जाड पुस्तकात चार पाने लागली असती.

या बायांनी नुसते सणवार टिपले नाहीत. वरंगळ भागात शेतकऱ्यांनी बीटी कापूस पेरला होता. २००२ च्या हंगामापासून या बाया तिथल्या शिवारात पुन्हा पुन्हा गेल्या. खर्च किती आला, बोंडे किती लागली, हातात काय राहिले, हे त्यांनी शेतकऱ्यांच्याच तोंडून वदवून घेतले. शेतकऱ्याने शेतकऱ्याला विचारले, म्हणून उत्तरे मोकळी आली.

चित्र वाचावे कसे?

तुम्ही अक्षर वाचायला शिकलात. पूर्वी कागदावर कुणी काय लिहिले ते कळत नसे. सांगेल तिथे अंगठा उठवावा लागे. चित्राचेही तसेच आहे. ते वाचता आले नाही, तर दाखवणारा दाखवील ते खरे मानावे लागते.

म्हणून लघुपट पाहताना मनाशी तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न : कॅमेरा कुठे बसला आहे? डोक्यावर हंडा घेऊन एक बाई चालली आहे, असे समजा. माडीवरून चित्र घेतले तर ती मुंगीएवढी दिसेल. बघणारा म्हणेल, “बिचारी!” कॅमेरा तिच्या बरोबरीने चालला तर तिचा घाम दिसेल, दमलेला श्वास ऐकू येईल. मग बघणारा विचारील, “नळ का नाही आला हिच्या दारात?”

दुसरा प्रश्न : बोलते कोण? बाईचे दुःख आणि बोलतो गावचा पुढारी, असे तर नाही ना?

तिसरा प्रश्न : काय दाखवले नाही? गावचा रस्ता दाखवला आणि वस्तीचा चिखल वगळला, असे होऊ शकते. चिखल दाखवला आणि तो काढणारे हात वगळले, असेही होते.

खेळ कसा मांडावा?

जागा शाळेचे पटांगण किंवा समाजमंदिर असावी. जिथे यायला कुणालाही संकोच वाटणार नाही, अशी जागा धरा. पांढरी भिंत असली तर ठीक, नाही तर पांढरी चादर ताणून बांधा. तिला सुरकुती नको. प्रोजेक्टर आणि कर्णा उसना मिळतो का ते पाहा. तो दिवसाउजेडी एकदा लावून बघा. वीज गेली तर काय करायचे ते आधीच ठरवा. बॅटरी असो की जनरेटर, सोय हाताशी हवी. खेळ अंधार पडल्यावर लगेच सुरू करा. रात्री १० नंतर उघड्यावर कर्णा लावायला कायद्याची मनाई आहे.

ज्याने लघुपट केला त्याची परवानगी घ्या. सार्वजनिक खेळासाठी लघुपटालाही सरकारी प्रमाणपत्र लागते. १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा तसे सांगतो. म्हणून प्रमाणपत्राचे काय, हे दिग्दर्शकाला आधीच विचारा आणि ग्रामपंचायतीलाही कळवा.

बायांना आणि म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवा. एकदम दहा लघुपट दाखवू नका. चार पुरेत. प्रत्येकानंतर दिवा लावा आणि बोला.

दिवा लागल्यावर

खेळाचा खरा लाभ इथेच आहे. शहरातला सिनेमा संपला की माणसे उठून जातात. ज्याने तो काढला, तो कुठे असतो कुणास ठाऊक! इथे मात्र दिग्दर्शक समोर उभा असतो. तो शेजारच्या गावचा पोरगा असतो. त्याला विचारता येते, “बाबा रे, हे तू असे का दाखवलेस?”

टाळ्या वाजवा, पण टाळ्यांवर थांबू नका. “छान होता” एवढ्याने त्या मुलाला काही मिळत नाही. काय पटले, काय पटले नाही, ते सांगा. “आमच्याकडे नांगर असा धरत नाहीत,” असे एखादा म्हातारा म्हणाला, तर ते त्या मुलाच्या कामी येईल. मुलानेही राग धरू नये.

आणि एक जपा. समजा, एका तरुणाने गावातल्या विधवा बाईच्या कर्जावर लघुपट केला. हेतू चांगला आहे. पण ती बाई त्याच गर्दीत बसली आहे. साऱ्या गावासमोर तिची झाकली मूठ उघडली, तर उद्या ती पाणवठ्यावर कशी जाईल? म्हणून चित्र घेण्याआधी तिला विचारले पाहिजे. गावाला दाखवण्याआधी तिला एकटीला दाखवले पाहिजे. ती “नको” म्हणाली, तर तेवढा भाग काढला पाहिजे. पुरस्कार गेला तरी चालेल, तिची अब्रू जाऊ नये. खेळ चालू असताना पडद्याचे चित्र मोबाइलवर उतरवून इकडेतिकडे पाठवू नका, हेही त्यातच आले.

गरिबाची गोष्ट सांगणारे पुष्कळ झाले. आता ज्याची गोष्ट आहे, त्याने ती सांगावी. ज्याला सांगता येत नाही, त्याने निदान ती तपासावी. आपल्यावर काढलेले चित्र आपण आधी पाहावे आणि त्याबद्दल दोन शब्द बोलावेत, हा आपला हक्क आहे. त्यासाठी फार मोठे शिक्षण लागत नाही. पस्तापूरच्या बायांनी ते दाखवून दिले आहे.

गटात बसून बोला

१. ‘पटेल शॉट’ आणि ‘संघम शॉट’ यांत फरक काय?
२. तुमच्या गावावर लघुपट काढायचा झाला, तर पहिले चित्र कशाचे घ्याल? का?
३. तुमच्या घरची कोणती गोष्ट तुम्ही पडद्यावर आणू देणार नाही?
४. गटाने मिळून एका लघुपटाची गोष्ट दहा ओळींत लिहून काढा आणि सर्वांना वाचून दाखवा.