ताप हटेना, लेकरू पांढरे पडले? रक्त तपासा!



आपली येलदरी पूर्णेच्या धरणाकाठी. पावसाळ्यात डास वाढले की घरोघरी ताप. लेकरू तापले की आपण म्हणतो, "मलेरिया असेल." बहुतेक वेळा साधाच ताप असतो. पण क्वचित त्यामागे रक्ताचा कॅन्सर असतो आणि तो ओळखीच्या आजाराचे सोंग घेऊन येतो.

रक्त हाडांच्या आतल्या मगजात तयार होते. तिथे बिघडलेल्या पेशी वाढल्या की चांगल्या पेशींना जागा उरत नाही. लाल पेशी घटल्या की लेकरू पांढरेफटक पडते. आपण टॉनिक पाजत बसतो. प्लेटलेट घटल्या की अंगावर निळे डाग पडतात, हिरड्यांतून रक्त येते, डेंग्यू वाटतो. हाडे दुखून लेकरू लंगडते, संधिवात वाटतो. मानेत गाठी आल्या तर टीबी वाटतो. जेएमएमएल हा फार दुर्मिळ प्रकार बहुधा चार वर्षांखालच्या लेकरांत दिसतो. त्यात ताप, पुरळ आणि वाढलेली पानथरी असते, म्हणून तो साध्या संसर्गासारखा भासतो.

हे करा

१. ताप, हाडदुखी किंवा गाठी दोन आठवड्यांत कमी झाल्या नाहीत, तर डॉक्टरांना सीबीसी आणि स्मीअर तपासणीबद्दल विचारा. दोन्ही रक्ताच्याच तपासण्या आहेत.

२. रक्तस्राव, निळे डाग किंवा फार फिकेपणा असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

३. निदान होण्याआधी आपल्या मनाने स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन देऊ नका. त्याने काही दिवस बरे वाटते, पण कॅन्सर झाकला जातो आणि निदान लांबते.

४. जिंतूर, परभणी इथून पुढे पाठवले तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा रुग्णालय आहे. रेशनकार्ड व आधार सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दल आरोग्यमित्राला विचारा. ही दया नाही, आपला हक्क आहे.

मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरवर दोन-तीन वर्षे उपचार चालतात. ते वेळेत सुरू होऊन पूर्ण झाले तर बहुतेक मुले बरी होतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका.

हा आजार संसर्गाने पसरत नाही. तो मागच्या जन्माचे पाप नाही की कुणाची नजर नाही. गंडे-दोरे करण्यात गेलेला आठवडा लेकराच्या आयुष्यातून जातो. तथागतांनी आजारी भिक्खूची स्वतःच्या हातांनी शुश्रूषा केली. आपणही शेजारच्या लेकराला दवाखान्यापर्यंत सोबत करू.

नमो बुद्धाय! जयभीम!