चाकावाचून घडण

कुंभारकाम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम चाक उभे राहते. चित्रांतून, कवितांतून आणि व्याख्यानांतील दृष्टान्तांतून हे चाक आपल्या मनात इतके रुजले आहे, की चाकाशिवाय भांडे घडते असे कोणी सांगितले तर तो बालवाडीतला खेळ वाटतो. गेल्या वर्षी मी एका बाईंच्या घरी चालणाऱ्या मातीकामाच्या वर्गाला आठ रविवार जात होतो. आम्ही सहा विद्यार्थी, गच्चीलगतची एक खोली, एक मोठे टेबल आणि एक लहान विजेची भट्टी एवढाच तो संसार. चाक नव्हते. "मग तुम्ही तेथे शिकता तरी काय?" असे मला मित्रांनी विचारले आणि एक-दोन प्राध्यापकांनीही विचारले. त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर द्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चाक आधी की हात?

चीनमधील शियानरेनडाँग गुहेत सापडलेली खापरे सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची असल्याचे २०१२ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले. कुंभाराचे चाक मात्र पश्चिम आशियात फार तर पाच-सहा हजार वर्षांपूर्वी आले. म्हणजे भांड्यांच्या ज्ञात इतिहासाचा दोनतृतीयांशाहून अधिक काळ निव्वळ हाताचा आहे. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. तेथे चाकावरची सुबक जोर्वे भांडी विपुल आहेत. पण एका दफनात सापडलेला, फुगीर पोटाचा आणि चार पायांचा मोठा रांजणही आहे. चाक फक्त गोल आकार देते. पाय लावायचे ते हातानेच.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. आपल्या घरातले पाण्याचे मडके घ्या. त्याचे गोल बूड चाकावर होतच नाही. कुंभार चाकावर गळा, खांदा आणि जाड भिंतीचा खालचा भाग उतरवून घेतो. माती थोडी आवळली, की आतून दगडाचा गुळगुळीत गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत त्याचे पोट फुगवतात आणि बूड बंद करतात. ज्याला आपण चाकावरचे मडके म्हणतो, त्याचे अर्धे अंग असे हाताने घडलेले असते.

आमच्या सहा जणांत कुंभारघरच्या एक ताई होत्या. माती मळणे, थापटणे, रंग देणे ही कामे त्यांनी लहानपणापासून केलेली. चाकाला मात्र कधी हात लावलेला नव्हता, कारण चाकावर बसायचे ते पुरुषांनी, असा घरचा रिवाज. पहिल्या दिवशी त्या सहज बोलून गेल्या, "काम माझं असायचं, पण भांडं नेहमी मामंजींचं." त्या एका वाक्यात मला या विषयाचे मर्म सापडले. हाताच्या कामाला आपण मदतनिसाचे काम ठरवले आणि ते करणाऱ्यांना मदतनीस.

जगात सर्वत्र असे घडले नाही. मणिपूरमधील आंद्रो गावात चाकावाचून भांडी घडवण्याची परंपरा स्त्रियांच्या हाती आहे. त्याच राज्यातील लोंगपीची काळी भांडीही दगडाचे चूर्ण आणि माती एकत्र मळून, चाकाशिवाय घडवली जातात. नायजेरियातील लाडी क्वाली ही कुंभारीण वळ्यांचे मोठाले पाण्याचे घट घडवी. तिच्या रीतीत भांडे फिरत नाही. ते जागेवर राहते आणि कुंभारीणच त्याच्याभोवती फिरते. १९५४ साली ती अबुजा येथील कुंभारकाम केंद्रात दाखल झाली. तेथे ती चाकही शिकली, पण तिची कीर्ती झाली ती हाताने घडवलेल्या घटांमुळे. पुढे तिच्या देशाने वीस नायराच्या नोटेवर तिचे चित्र छापले.

तीन रीती

हातघडणीच्या मुख्य रीती तीन आहेत आणि मराठी घरातल्या माणसाला त्यांपैकी एकही परकी नाही.

पहिली चिमटीची. मुठीएवढा गोळा घेऊन त्यात अंगठा रोवावयाचा आणि गोळा फिरवत फिरवत भिंत चिमटीने पातळ करीत न्यावयाची. उकडीच्या मोदकाची पारी करतात, तीच ही क्रिया. फरक इतकाच, की पारीची कड पातळ हवी आणि वाडग्याची कड थोडी जाड राखावी लागते, कारण कड सर्वांत आधी वाळते आणि तेथेच तडा जातो.

दुसरी वळीची. कडबोळ्यासारखी लांब वळी करून ती बुडावर वेढ्यावर वेढा रचीत जावयाचे. प्रत्येक वेढा आतल्या बाजूने खालच्यावर बोटाने पुसून एकजीव करावा लागतो. बाहेरून वेढे दिसू द्यावेत की नाही, हा आवडीचा प्रश्न. आतून मात्र तडजोड नाही. एका बैठकीत चार-पाच वेढ्यांहून अधिक चढवले, तर खालची ओली भिंत भाराने बसते. म्हणून मध्ये थांबावे लागते. मोठे भांडे घडवणाऱ्याला सबूर शिकावीच लागते, ती अशी.

तिसरी पाटीची. गोणपाटावर माती पसरून दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या लाकडी पट्ट्या ठेवावयाच्या आणि लाटणे पट्ट्यांवरून फिरवावयाचे. म्हणजे सर्वत्र सारखी, साधारण ८ मिलिमीटर जाडीची पाटी मिळते. ती कापून चौकोनी डबे, ताटल्या, फुलदाण्या जोडता येतात. चाकावर चौकोन कधीच उतरत नाही, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते.

जोड, वाळवण आणि आकसणे

जोडाचा नियम एकच: दोन्ही भाग सारखे ओले हवेत. दोहोंवर ओरखडे काढावयाचे, मध्ये पातळ कालवलेली माती लावावयाची आणि दाबून बसवावयाचे. वाळलेल्या पेल्याला ओला कान लावला तर तो निखळणारच. कारण पेला आकसून झालेला असतो आणि कान अजून आकसावयाचा असतो.

हे आकसणे नेमके काय आहे? चिकणमातीचे कण अतिसूक्ष्म आणि चपटे असतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा असतो; म्हणून ते एकमेकांवरून घसरतात आणि माती आपल्याला हवा तो आकार घेते. पाणी गेले, की कण जवळ येतात आणि सारे भांडे लहान होते. बाईंनी पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून एक मातीची पट्टी करवून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ मारवली. भाजून आल्यावर ती ८.८ सेंटिमीटर भरली. म्हणजे ती माती शेकडा १२ आकसते, आणि शेवटी १० सेंटिमीटर उंचीचा पेला हवा असेल, तर तो ओला असताना सुमारे ११.४ सेंटिमीटर घडवला पाहिजे. मातीत भाजलेल्या खापराची भरड मिसळली तर आकसणे कमी होते. आपले कुंभार मातीत राख आणि लीद मिसळतात, तीही माती नीट वाळावी आणि तडकू नये या अनुभवातूनच.

वाळवण सावकाश हवी. भांडे घडले की आम्ही त्यावर प्लॅस्टिकचा कागद सैल झाकत असू, आणि कडेला व कानाला वेगळा ओलसर फडका गुंडाळत असू. भांडे वाळलेसे दिसले तरी पोटात पाणी असते. ते ओळखण्याची युक्ती साधी आहे. भांडे गालाला लावून पाहावे. थंड लागले तर ते अजून ओले आहे.

कच्चे आणि पक्के

भट्टीत भांडे फुटते ते आत हवेचा बुडबुडा राहिल्यामुळे, अशी समजूत सर्वत्र आहे. बुडबुड्याने भिंत दुबळी होते हे खरे. पण स्फोट होतो तो पाण्याचा. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिला सोळाशे पटींहून अधिक जागा लागते, आणि जाड भिंतीतून ती वेळेवर बाहेर पडू शकत नाही. म्हणून पहिले काही तास भट्टी १०० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवतात. पुढे साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान मातीच्या घटनेतच बांधलेले पाणी निघून जाते. तोवर ती भिजवली तर पुन्हा चिखल होते. त्यानंतर कधीही नाही. ५७३ अंशांवर मातीतील गारेचे स्फटिक एकाएकी प्रसरण पावतात आणि निवताना त्याच अंशावर आकुंचन पावतात. म्हणून चढताना आणि उतरताना तेथे घाई करावयाची नाही. आमची लाल माती शेवटी ९५० अंशांपर्यंत भाजली जाई.

संत गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा आपण सारे जाणतो. त्या कथेमागे कुंभाराची रोजची परीक्षा आहे. पक्के भांडे टिचकी मारताच खणखणते. कच्चे किंवा तडकलेले बद्द वाजते. पण वर्गात मला कच्चेपणाची दुसरी बाजूही कळली. आमची पहिली तीन भांडी बाईंनी वाळल्यावर पाण्याच्या बादलीत टाकावयास लावली. पाहता पाहता ती विरघळली आणि पुढच्या रविवारी त्याच मातीतून आम्ही नवी घडवली. कच्चे आहे तोवर सुधारण्याला वाव आहे. पक्के करावयाचे ते विचारपूर्वक.

लहान वर्गच का?

जोड चुकत असतो तो क्षण शिक्षकाच्या नजरेस पडावा लागतो. सहाऐवजी तीस विद्यार्थी असते तर ते अशक्य होते. शिवाय वाळवणीला फळ्या आणि भाजणीला भट्टी पुरली पाहिजे. स्वच्छतेचीही शिस्त लागते. वाळलेली माती कधी झाडावयाची नाही, ओल्या फडक्यानेच पुसावयाची, कारण तिच्या धुळीतील सिलिका वर्षानुवर्षे श्वासात गेल्यास फुप्फुसांचा कायमचा विकार जडतो. गढूळ पाणी मोरीत न ओतता बादलीत निवळू द्यावयाचे आणि तळाची माती परत वापरावयाची.

आठव्या रविवारी भट्टी उघडली. त्या ताईंचा वळ्यांचा घट, हातभर उंच, न तडकता बाहेर आला. त्यांनी टिचकी मारली, तो खणखणला. मग उलटा करून त्यांनी बुडावर कोरलेले आपले नाव आम्हांला दाखवले. ते त्यांनी ओल्या मातीत कधी कोरले, हे कोणाच्याच लक्षात आले नव्हते.

आपल्या महाविद्यालयात असा वर्ग सुरू करण्यास चाकाची गरज नाही. एक टेबल, गोणपाट, लाटणी, चार पोती माती आणि जवळच्या कुंभारवाड्याशी भाजणीचा रीतसर ठराव एवढे पुरेल. शिकवण्यासाठीही त्याच वाड्यातील, आजवर केवळ थापटणाऱ्या म्हणून राहिलेल्या एखाद्या बाईंना मानधन देऊन सन्मानाने बोलवावे. विद्यार्थिमंडळाने आणि प्राध्यापकवर्गाने या सूचनेचा येत्या सत्रात अवश्य विचार करावा.