रंगीत सांडपाणी आणि आपले बगॅस



इचलकरंजी, सोलापूर, भिवंडी ही आपल्याकडील कापडधंद्याची मोठी गावे. जेथे सूत व कापड रंगते, तेथे रंगीत सांडपाणी हे आलेच. अशा भागातील शेतकरी विचारतात, "साहेब, हे पाणी गाळून उसाला दिलं तर चालंल का?" म्हणून या अंकात हा विषय घेत आहोत.

रंग का जात नाही?
१८५६ साली विल्यम पर्किन याने पहिला कृत्रिम रंग तयार केला. धुण्याने व उन्हाने विटू नये म्हणूनच हे रंग बनवतात. त्यामुळे ओढ्यातले जिवाणूही ते सहजासहजी कुजवू शकत नाहीत. रंगामुळे ऊन पाण्यात खोलवर जात नाही आणि शेवाळ व मासे यांचे जीवन बिघडते.

अधिशोषण म्हणजे काय?
स्पंज पाणी पोटात घेतो, ते शोषण. रंगाचे कण एखाद्या पदार्थाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात, ते अधिशोषण. क्रियाशील कोळशात अतिसूक्ष्म छिद्रे असतात. त्याच्या एका ग्रॅममधील छिद्रांचा पृष्ठभाग मांडला तर तो सुमारे हजार चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतो! साखर शुद्ध करताना रसाचा रंग काढण्यासही असाच कोळसा वापरतात.

बगॅसचा उपयोग
हा कोळसा महाग पडतो, म्हणून संशोधकांनी स्वस्त पदार्थ तपासले. त्यात बगॅस आहे. एक टन उसापासून सुमारे २८० ते ३०० किलो ओले बगॅस निघते. त्यातील सेल्युलोज व लिग्निन रंग धरतात. बॉयलरच्या राखेत न जळलेला कोळसा राहतो, तीही उपयोगी पडते. मात्र पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. बगॅस आधी धुवून घ्यावे. नाहीतर उरलेली साखर पाण्यात उतरून प्रदूषण वाढवते.
२. मिथिलीन ब्लूसारखे धनभारित रंग बगॅस चांगले धरते. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित असतात, ते साध्या बगॅसला कमी चिकटतात. त्यासाठी पाणी आम्लधर्मी करावे लागते किंवा बगॅसवर रासायनिक प्रक्रिया करावी लागते.
३. छिद्रे भरली की पदार्थाचे काम संपते. रंग नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. असे वापरलेले बगॅस किंवा राख शेणखतात अगर शेतात टाकू नये.

आता मूळ प्रश्न
पाणी पांढरे स्वच्छ दिसले म्हणजे ते उसाला योग्य झाले, असे मुळीच नाही. रंग पक्का बसावा म्हणून रंगवताना मीठ व सोडा भरपूर वापरतात. कोळसा असो की बगॅस, विरघळलेले मीठ त्याने निघत नाही. सोडियम वाढला की काळी जमीन चोपण होते, निचरा बसतो आणि उसाची उगवण मार खाते. एकदा बिघडलेली जमीन सुधारायला जिप्सम, हिरवळीचे खत आणि चर यांवर वर्षानुवर्षे खर्च होतो.

तेव्हा गाळलेले रंगीत पाणी परीक्षणाशिवाय उसाला देऊ नका. स्वच्छ बाटलीत नमुना घेऊन माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्या. अहवालात क्षारता व सोडियमचे प्रमाण पाहा, मगच पाट सोडा. रंग डोळ्यांना दिसतो, मीठ दिसत नाही. आणि उसाचा घात मीठच करते.

— ऊस विकास अधिकारी