स्केटबोर्ड, छायाचित्र आणि उपजीविका

भिलाईचे नाव निघाले की पोलाद आणि रेल्वेचे रूळ डोळ्यांपुढे येतात. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली. यंत्रांशी परिचय असलेल्या अशा नगरातील वाचकाला स्केटबोर्डची रचना चटकन उमगेल. लाकडाचे पातळ थर एकमेकांस चिकटवून केलेली फळी, तिच्याखाली पोलादी आस असलेल्या दोन जोडण्या, चार चाके आणि प्रत्येक चाकात दोन याप्रमाणे आठ बॉल-बेअरिंग, एवढेच हे साधन आहे. प्रश्न निराळाच आहे. या फळीवर उभे राहण्याबद्दल एखाद्यास पैसे कोण देतो, आणि कशासाठी?

क्रिकेटपटूची योग्यता धावा व बळी यांवरून ठरते. स्केटबोर्डपटू मात्र बहुधा रस्त्यावर, जिन्यावर किंवा कठड्यावर आपले कौशल्य दाखवितो. तेथे पंच नसतो आणि गुणफलकही नसतो. त्याने केलेली उडी इतरांनी खरी मानावी कशी? या अडचणीतूनच या खेळाचे छायाचित्राशी अतूट नाते जडले.

१९६४ मध्ये अमेरिकेत या खेळास वाहिलेले पहिले नियतकालिक निघाले. परंतु खेळाची लाट ओसरताच तेही बंद पडले. त्या काळची चाके मातीची किंवा धातूची असत व लहानशा खड्यानेही अडत. १९७० नंतरच्या काही वर्षांत फ्रँक नॅसवर्दी याने युरेथेनची चाके बाजारात आणली आणि फळीला रस्त्यावर पकड लाभली. पुढे कॅलिफोर्नियातील अवर्षणात पोहण्याचे तलाव कोरडे पडले, तेव्हा त्यांच्या वळणदार भिंती मुलांनी खेळासाठी वापरल्या. १९७५ मध्ये पुनरुज्जीवित झालेल्या ‘स्केटबोर्डर’ मासिकाने ही दृश्ये दूरवर पोहोचविली. १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘थ्रॅशर’ सुरू झाले. १९८३ मध्ये ‘ट्रान्सवर्ल्ड स्केटबोर्डिंग’ आले.

एकच छायाचित्र खेळाडूला हवेत दाखविते. तो सुखरूप उतरला की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून छायाचित्रकार एकामागून एक अशी छायाचित्रमालिका घेऊ लागले. त्यानंतर चित्रफिती आल्या. स्टेसी पेराल्टा यांनी १९८४ मध्ये आपल्या चमूची चित्रफीत काढली आणि टोनी हॉकसारखे तरुण खेळाडू त्यांना न भेटलेल्या मुलांच्याही परिचयाचे झाले.

येथेच व्यवसायाचे मर्म आहे. फळ्या, चाके वा पादत्राणे विकणारी कंपनी खेळाडूला आश्रय देते. परंपरेने ‘व्यावसायिक’ म्हणजे ज्याच्या नावाची फळी बाजारात विकली जाते तो. विक्रीतील काही वाटा त्याला मिळतो. नाव विकले जाण्यासाठी ते छापून यावे लागते. छापून येण्यासाठी अधिक उंचावरून उडी घ्यावी लागते. घोटा मोडला तर छायाचित्रे थांबतात आणि उत्पन्नही धोक्यात येते. शिवाय ज्या कंपनीचा माल तो वापरतो, तिच्याच जाहिरातींवर मासिकही चालते. म्हणून वाचकाने स्तुती आणि जाहिरात यांतील भेद ओळखावयास शिकले पाहिजे.

टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१) स्केटबोर्डिंगचा प्रथमच समावेश झाला आणि जपानची तेरा वर्षांची मोमिजी निशिया सुवर्णपदक विजेती ठरली. गुणफलक आला, तरी छायाचित्राचे महत्त्व उरलेच.

भारतात हा मार्ग वेगळा आहे. छत्तीसगडच्या शेजारील मध्य प्रदेशात, पन्ना जिल्ह्यातील जनवार या गावी उलरिके राइनहार्ड यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये स्केटपार्क उभे राहिले. शाळेत न जाणाऱ्यास फळी नाही आणि मुलींना प्रथम संधी, असे तेथील दोन नियम. त्याच गावची आशा गोंड २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत उतरली. महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाड हिने २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. संपादकाच्या अनुमतीची वाट पाहावी लागत नाही. तथापि चित्र पोहोचले म्हणजे निर्वाह साधला असे नव्हे. प्रसिद्धी क्षणभर प्रकाश पाडते. सपाट जागा, शिक्षक आणि दुखापतीनंतरचा आधार यांची तरतूद मात्र समाजालाच करावी लागते. जनवारच्या मुलांना आधी मैदान मिळाले व मग छायाचित्र, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.